निवृत्त फुटबॉलपटू पुन्हा मैदानात उतरतो तेव्हा शरीरात काय घडते?

२०१९ साली ब्रिटनमधील आयटीव्ही या वाहिनीने एक कार्यक्रम दाखवला होता. हॅरी रेडनॅप या अनुभवी प्रशिक्षकांनी एके काळी इंग्लंडकडून खेळलेल्या आणि आता चाळिशी-पन्नाशीत पोहोचलेल्या फुटबॉलपटूंना एकत्र आणले आणि जर्मनीच्या निवृत्त खेळाडूंविरुद्धच्या सामन्यासाठी त्यांची तयारी सुरू केली. पोटे सुटलेली, गुडघे कुरकुरणारे, मैदानाला एक फेरी मारताच कमरेवर हात ठेवून उभे राहिलेले हे खेळाडू प्रेक्षकांना हसवतही होते आणि आपलेसेही वाटत होते. त्याच कार्यक्रमात वैद्यकीय तपासणीच्या वेळी एका खेळाडूच्या हृदयाचे ठोके अनियमित असल्याचे आढळले, आणि तिथे मात्र हसण्याजोगे काही उरले नाही.

असे सामने आता नित्याचे झाले आहेत. ब्रिटनमध्ये युनिसेफच्या मदतीसाठी २००६ पासून भरणाऱ्या ‘सॉकर एड’ या दूरचित्रवाणीवरील सामन्यात निवृत्त खेळाडू आणि कलावंत एकत्र खेळतात; त्याच्या पहिल्याच सामन्यात दिएगो मॅराडोना मैदानात उतरला होता. आपल्याकडे ६ एप्रिल २०२५ रोजी नवी मुंबईतील डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये रेआल माद्रिद आणि बार्सिलोना या क्लबांच्या माजी खेळाडूंचा सामना झाला. लुईस फिगो आणि रिव्हाल्डो या दोघांचे वय तेव्हा ५२ वर्षांचे होते. ज्यांनी त्यांना पंचविशीत पाहिले होते, त्यांना चेंडू पायाखाली घेण्याची ती जुनी लकब ओळखू आली आणि त्यानंतरची धाव मात्र ओळखू आली नाही. या दोन गोष्टींमध्ये एवढी तफावत का पडते, आणि ती तीन-चार महिन्यांत कितपत भरून काढता येते, हे या लेखात समजून घ्यायचे आहे.

सुरुवातीलाच मुख्य मुद्दा सांगतो. शरीर एकसंध दिसत असले तरी ते एका गतीने परत येत नाही. दम काही आठवड्यांत सुधारू लागतो, स्नायूंना दोन-तीन महिने लागतात, आणि स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरांना त्याहूनही अधिक वेळ लागतो. सामन्याची तारीख मात्र एकच असते, आणि ती वाहिनीने ठरवलेली असते. ज्येष्ठ खेळाडूंच्या बहुतेक दुखापती या वेगवेगळ्या गतींमधल्या अंतरात घडतात, असे माझे मत आहे.

दम: सर्वांत आधी जातो, सर्वांत आधी परततो

नियमित सराव थांबला की पहिल्या काही दिवसांतच रक्तातील द्रव भाग, म्हणजे प्लाझ्मा, कमी होऊ लागतो. रक्ताचे एकूण प्रमाण घटल्यामुळे हृदय प्रत्येक ठोक्याला पूर्वीपेक्षा कमी रक्त पुढे ढकलते, आणि तेवढ्याच कामासाठी त्याला अधिक वेळा ठोके द्यावे लागतात. पुढच्या काही आठवड्यांत स्नायूंमधील ऑक्सिजन वापरणारी यंत्रणाही मंदावते. याच्या जोडीला वय असतेच. हृदयाच्या ठोक्यांची कमाल मर्यादा वयाबरोबर वर्षाला सुमारे एका ठोक्याने किंवा त्याहून थोड्या कमी वेगाने उतरते, आणि ती कोणत्याही सरावाने परत वर नेता येत नाही. विशीत मिनिटाला १९५ च्या आसपास ठोके देऊ शकणारे हृदय पन्नाशीत साधारण १७० ते १७५ पर्यंतच पोहोचते. म्हणून पन्नाशीतला खेळाडू कितीही तंदुरुस्त झाला, तरी लागोपाठच्या दोन वेगवान धावांमध्ये त्याला पूर्वीपेक्षा जास्त विश्रांती लागणारच.

तरीही या बाबतीत आशेला भक्कम आधार आहे, आणि तो अमेरिकेतील डॅलस येथे झालेल्या एका प्रयोगातून मिळतो. १९६६ मध्ये तेथील संशोधकांनी २० वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना सलग तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवले. त्या तीन आठवड्यांत शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता एक चतुर्थांशाहून अधिक घटली. तीस वर्षांनी, पन्नाशीत पोहोचलेल्या याच पाच जणांना पुन्हा बोलावण्यात आले. त्यांचे सरासरी वजन सुमारे ७७ किलोंवरून १०० किलोंवर गेले होते आणि शरीरातील चरबीचे प्रमाण दुप्पट झाले होते; पण त्यांची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता १९६६ च्या मूळ पातळीपेक्षा केवळ ११ ते १२ टक्क्यांनी खाली आली होती. म्हणजे तीन आठवड्यांच्या अंथरुणाने जेवढे नुकसान केले, तेवढे तीस वर्षांच्या वयाने केले नव्हते. त्यानंतर या पाच जणांनी चालणे, हळू धावणे आणि सायकल चालवणे असा सहा महिन्यांचा सराव हळूहळू वाढवत केला आणि त्यांची क्षमता विशीतल्या मूळ पातळीला परत आली.

ही मूळ पातळी म्हणजे अंथरुणावर जाण्यापूर्वीची पातळी होती, हे मात्र लक्षात ठेवायला हवे. विशीत त्यांनी कसून सराव करून गाठलेली उंची पन्नाशीत कोणालाही पुन्हा गाठता आली नाही. शिवाय जी सुधारणा झाली, ती मुख्यतः स्नायूंनी रक्तातील ऑक्सिजन अधिक चांगला शोषून घेतल्यामुळे झाली. हृदयाच्या कमाल क्षमतेत फारसा फरक पडला नव्हता. निवृत्त फुटबॉलपटूने आपली अपेक्षा कोठे ठेवावी, याचे याहून प्रामाणिक उत्तर मला माहीत नाही. साधारण निरोगी तरुणाइतका दम परत मिळवणे शक्य आहे, पण स्वतःच्या ऐन उमेदीतला दम परत मिळणार नाही.

पाय विसरत नाहीत, पण पायातले बळ जाते

चेंडू थांबवणे, अंग वळवून चकवणे, समोरच्याच्या खांद्याची हालचाल पाहून पास कोठे जाणार हे ओळखणे, ही कौशल्ये मेंदूत खोलवर रुजलेली असतात. सायकल चालवणे आपण जसे विसरत नाही, तसेच हेही विसरले जात नाही. म्हणूनच पन्नाशीतील माजी खेळाडूचा पहिला स्पर्श बहुधा शाबूत असतो.

स्नायूंची गोष्ट वेगळी आहे. वय वाढते तसे स्नायूंचे आकारमान घटते, त्यांची ताकद आकारमानापेक्षा वेगाने घटते, आणि ती ताकद क्षणार्धात लावण्याची क्षमता सर्वांत वेगाने घटते. याचे एक कारण असे की स्नायूंमध्ये दोन प्रमुख प्रकारचे तंतू असतात. मंद तंतू दीर्घकाळ काम करतात, तर जलद तंतू उडी, धक्का आणि वेगवान धाव यांसाठी असतात. वयाबरोबर प्रामुख्याने हे जलद तंतूच बारीक होतात आणि काही नाहीसे होतात. फुटबॉल हा बराचसा जलद तंतूंचा खेळ आहे. पूर्ण सामन्यात व्यावसायिक खेळाडू १० ते १२ किलोमीटर अंतर कापतो, परंतु सामना ठरतो तो त्यातल्या मोजक्या मीटरांवर, जेव्हा एकाएकी वेग घ्यायचा असतो किंवा थांबून वळायचे असते.

ज्याने पूर्वी स्नायू कमावलेले असतात, त्याला ते पुन्हा कमावणे नवख्यापेक्षा सोपे जाते, हा आखाड्यातल्या वस्तादांचा अनुभव आहे आणि विज्ञानालाही त्याचे काही धागे सापडले आहेत. स्नायूचा एकेक तंतू म्हणजे अनेक केंद्रके असलेली लांबलचक पेशी असते. ऑस्लो विद्यापीठातील क्रिस्तियान गुंडर्सन यांच्या गटाने २०१० मध्ये उंदरांवरील प्रयोगातून दाखवले की, स्नायूवर भार पडला की या केंद्रकांची संख्या वाढते आणि नंतर स्नायू बारीक झाला तरी ती वाढीव केंद्रके टिकून राहतात. माणसांत हे किती काळ आणि कितपत लागू पडते यावर अजून वाद आहे, त्यामुळे यावर फार मोठी इमारत उभारू नये. पण ताकदीचा व्यायाम पहिल्या आठवड्यापासूनच सुरू करावा, धावून दम आल्यानंतरची गोष्ट म्हणून तो पुढे ढकलू नये, एवढे यातून नक्की निघते.

अडचण येते ती मेंदू आणि पाय यांच्यातल्या या विसंगतीमुळे. डोळ्यांना मोकळी जागा दिसते, मेंदू जुन्या हिशोबाने हुकूम सोडतो, आणि पाय तो हुकूम पाळण्याचा मनापासून प्रयत्न करतात. नवशिका माणूस अशा चेंडूमागे धावतच नाही, कारण त्याला ती संधी दिसतच नाही. माजी खेळाडूला ती दिसते, आणि म्हणून धोकाही त्यालाच अधिक असतो.

टाचेमागची दोरी

पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला ज्या जाड दोरीसारख्या ऊतीने जोडलेला असतो, तिला अकिलिस कंडरा म्हणतात. चाळिशीतले पुरुष अचानक खेळायला उतरतात तेव्हा ही कंडरा तुटण्याचे प्रकार विशेष घडतात. मागून कोणी तरी लाथ मारली असे वाटून खेळाडू वळून पाहतो, तर मागे कोणीच नसते; हे वर्णन हाडांच्या डॉक्टरांना चांगले परिचित आहे.

कंडरा इतकी मंद का, याचे उत्तर एका विलक्षण मार्गाने मिळाले. १९५० आणि १९६० च्या दशकांत झालेल्या अणुचाचण्यांमुळे वातावरणातील कार्बन-१४ या किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण एकदम वाढले आणि मग हळूहळू उतरत गेले. अन्नावाटे हा कार्बन सर्वांच्याच शरीरात गेला. एखादी ऊती कोणत्या वर्षी बनली, हे तिच्यातील कार्बन-१४ मोजून सांगता येते. डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१३ मध्ये ही पद्धत अकिलिस कंडरेवर वापरली, तेव्हा असे दिसले की कंडरेचा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत तयार होतो आणि त्यानंतर जवळजवळ बदलतच नाही. स्नायूतील घटकांची मात्र आयुष्यभर झीज आणि भरपाई चालू असते. पन्नाशीतल्या खेळाडूच्या टाचेमागे तीच दोरी असते, जी त्याने शाळेतून बाहेर पडताना सोबत आणलेली असते.

याचा अर्थ कंडरा मजबूत होतच नाही असा नव्हे. योग्य भार दिला तर ती ताठ आणि सक्षम होते, पण त्याला महिने लागतात. दुसरी बाब अशी की, जोरदार व्यायामानंतर पहिल्या २४ ते ३६ तासांत कंडरेतील कोलॅजेन हे प्रथिन जितके तयार होते त्याहून अधिक मोडते. भरपाई त्यानंतर पुढे जाते. म्हणून उड्या, वेगवान धावा आणि चढावरच्या धावा एका दिवशी केल्या, तर पुढचे दोन दिवस पोहणे, सायकल किंवा वरच्या अंगाचा व्यायाम असावा. रोज थोडे थोडे धावणे हा मेहनती माणसाला पटणारा मार्ग असला, तरी कंडरेला तो मानवत नाही.

पायरीच्या कडेवर चवडे टेकवून टाच सावकाश खाली सोडण्याचा एक साधा व्यायाम आहे. स्वीडनमधील शल्यचिकित्सक हाकन आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये दुखऱ्या अकिलिस कंडरेसाठी तो मांडला, आणि त्याचा कार्यक्रम १२ आठवड्यांचा होता. या आकड्याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो, कारण सहा आठवड्यांत सामना ठेवणाऱ्या आयोजकाला हे १२ आठवडे कोठेच बसवता येत नाहीत.

मांडीच्या मागच्या स्नायूंचे, म्हणजे हॅमस्ट्रिंगचे, दुखणे वेगळ्या जातीचे आहे. पूर्ण वेगात धावताना पाय पुढे फेकला जातो आणि जमिनीला टेकण्याआधीच्या क्षणी हे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेकसारखे काम करतात. नेमक्या त्याच क्षणी ते फाटतात. त्यावर ‘नॉर्डिक’ नावाचा व्यायाम आहे: गुडघ्यांवर उभे राहायचे, जोडीदाराने घोटे धरायचे, आणि अंग ताठ ठेवून शक्य तितके सावकाश पुढे झुकायचे. अनेक अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष असा की, हा व्यायाम करणाऱ्या संघांत हॅमस्ट्रिंगच्या दुखापती सुमारे निम्म्यावर येतात. पहिल्या दोन आठवड्यांत मांड्या इतक्या दुखतात की अनेक जण तो सोडून देतात. म्हणून सुरुवातीला आठवड्यातून एकदा, चार-पाच आवर्तने पुरेशी आहेत.

गुडघ्यांबद्दल फार मोठी आश्वासने देता येत नाहीत. इंग्लंडमधील निवृत्त व्यावसायिक फुटबॉलपटूंमध्ये गुडघ्यांच्या संधिवाताचे प्रमाण त्याच वयाच्या इतर पुरुषांच्या दुप्पट ते तिप्पट असल्याचे नॉटिंगहॅम येथील संशोधकांनी दाखवले आहे. झिजलेली कूर्चा तीन महिन्यांच्या सरावाने परत येत नाही. मांडीचे पुढचे स्नायू बळकट केले आणि वजन उतरवले, तर सांध्यावरचा भार निश्चित कमी होतो. वजन एक किलोने घटले की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो. मात्र वजन घाईने उतरवू नये. आठवड्याला अर्धा ते एक किलो हा वेग ठीक आहे, कारण उपासमार केली तर चरबीसोबत स्नायूही जातात. वेदनाशामक गोळी किंवा गुडघ्यात इंजेक्शन घेऊन सामन्याला उतरण्याची जुनी सवय काही खेळाडूंना असते. व्यावसायिक कारकिर्दीत त्यामागे पोटापाण्याचा प्रश्न असेल. प्रदर्शनी सामन्यासाठी दुखण्याची सूचना बंद करून खेळणे मला कोणत्याही अंगाने योग्य वाटत नाही.

हृदयाची तपासणी आधी, बूट नंतर

ज्या खेळाडूने आयुष्यातली वीस वर्षे व्यायामात घालवली, त्याला आपले हृदय सुरक्षित आहे असे वाटणे स्वाभाविक आहे. पण जुन्या व्यायामाची शिल्लक फार काळ पुरत नाही. पस्तिशीच्या आतील खेळाडूंच्या अचानक मृत्यूंमागे बहुधा जन्मजात किंवा आनुवंशिक हृदयदोष असतात. पस्तिशीनंतर मुख्य कारण हृदयाच्या रक्तवाहिन्यांतील अडथळे हे असते, आणि रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, धूम्रपान व घराण्यातला हृदयविकार यांचा हिशोब माजी खेळाडूलाही इतरांसारखाच लागू होतो. म्हणून तयारीच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टरांकडून तपासणी, ईसीजी, रक्ताच्या चाचण्या आणि गरज असेल तर ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट झाली पाहिजे. छातीत दडपण येणे, नेहमीपेक्षा लवकर धाप लागणे, चक्कर येणे या तक्रारी ‘सवय गेली आहे’ म्हणून झटकून टाकू नयेत.

मैदानावर डिफिब्रिलेटर, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र, आणि ते वापरता येणारी माणसे हवीत, ही अट मी सर्वांत वर ठेवेन. हृदय बंद पडल्यावर विजेचा झटका देण्यास होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या विलंबाने जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये युरो स्पर्धेच्या सामन्यात कोसळलेला ख्रिस्तियन एरिक्सन मैदानावरच मिळालेल्या उपचारांमुळे वाचला आणि पुढे पुन्हा खेळला. गोव्यातील वाचकांना ५ डिसेंबर २००४ ची तारीख आठवत असेल. बंगळुरूमध्ये फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात धेंपो क्लबचा ब्राझिलियन आघाडीपटू क्रिस्तियानो ज्युनियर दुसरा गोल केल्यानंतर मैदानावरच कोसळला आणि त्याचा मृत्यू झाला. तो तरुण होता आणि नियमित खेळणारा होता.

चौदा आठवडे मिळाले तर

कोणी माझ्यासमोर असा सामना ठेवला, तर मी चौदा आठवडे मागेन. पहिले चार आठवडे चेंडूला जवळजवळ हात, म्हणजे पाय, लावू देऊ नये. वेगाने चालणे, सायकल, पोहणे, आणि आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम, ज्यात पोटऱ्या, मांड्या व कंबर यांवर भर असेल. त्यानंतरच्या महिनाभरात सरळ रेषेत धावणे आणि जोडीने पासचा सराव यावा. नवव्या आठवड्यापासून वळणे, थांबणे आणि पाच-पाच जणांचे छोटे सामने सुरू करावेत. छोटे सामने हा तयारीचा उत्तम भाग आहे, कारण त्यात दम, वळणे आणि खेळाची जाण यांचा एकत्र सराव होतो. डेन्मार्कमधील पेटर क्रुस्ट्रुप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासांत आठवड्यातून दोन-तीनदा असे छोटे सामने खेळणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांचा वाढलेला रक्तदाबही काही महिन्यांत खाली आलेला दिसतो. पूर्ण वेगाची धाव शेवटच्या चार आठवड्यांत, दर आठवड्याला थोडी वाढवत यावी. ती सामन्याच्याच दिवशी प्रथम येऊ नये, कारण ज्या वेगाची स्नायूला सवयच नाही, तो वेग तो प्रेक्षकांच्या जल्लोषात घेतो तेव्हाच फाटतो. शेवटच्या आठवड्यात सराव निम्म्यावर आणावा.

नवी मुंबईसारख्या ठिकाणी एप्रिलमध्ये सामना असेल, तर दमट उकाड्याचा वेगळा विचार करावा लागतो. वयाबरोबर घाम येण्याची आणि त्वचेवाटे उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता मंदावते, आणि उष्ण हवेची सवय होण्यास १० ते १४ दिवस लागतात. युरोपातून दोन दिवस आधी येणाऱ्या खेळाडूला तेवढा अवधी मिळत नाही. अशा वेळी डाव लहान ठेवणे, पाणी पिण्यासाठी खेळ थांबवणे आणि खेळाडू हवे तितक्या वेळा बदलू देणे, हे आयोजकांचे काम आहे. पंधरा मिनिटे खेळून बाहेर बसलेला आणि पुन्हा उतरलेला फिगो पाहण्यात प्रेक्षकांचे काहीही कमी होत नाही.

सामन्यानंतरच्या दोन दिवसांत अंग सर्वाधिक दुखते, आणि बहुतेकांची तयारी तिथेच संपते. कोपनहेगनच्या संशोधकांनी ६५ ते ७५ वर्षांच्या, आयुष्यभर फुटबॉल खेळत राहिलेल्या पुरुषांचा तोल आणि स्नायूंची झटपट जोर लावण्याची क्षमता मोजली, तेव्हा ती व्यायाम न करणाऱ्या तिशीतल्या पुरुषांच्या बरोबरीची भरली. डॅलसच्या त्या पाच जणांची कथा मात्र वेगळ्या वळणाने पुढे गेली. सहा महिन्यांत परत मिळवलेली क्षमता त्यांच्याकडे टिकली नाही. साठीत पोहोचल्यावर, म्हणजे पहिल्या प्रयोगानंतर चाळीस वर्षांनी, त्यांची पुन्हा मोजणी झाली, आणि त्या दिवशीचा आकडा १९६६ मध्ये तीन आठवड्यांच्या अंथरुणातून उठल्यावर आलेल्या आकड्याच्या जवळपास होता.